तीन घरांचं फोल्डर

अक्काच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. आम्ही तिघं भावंडं दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. भाऊ रडला. अक्का रडली नाही. मी चिडले होते. कुणावर ते आजही सांगता येणार नाही, पण भयंकर चिडले होते. मी चिडले की माझ्या हातून कामं उरकतात, शाळेत सगळ्यांना हे ठाऊक होतं.

अक्का आमची थोरली, जामनेरला दिलेली, अंगणवाडीत सेविका म्हणून आयुष्य काढलेली. भाऊ मधला. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी करून निवृत्त झाला आणि चाळीसगावलाच राहिला. मी धाकटी, धुळ्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. माहेर एरंडोलजवळच्या खेड्यातलं. आई गेल्यावर तिची गाणी अक्काकडे आली. जात्यावरची, पाळण्याची, हळदीची. आमच्या भाऊबंदांत कुणाचीही हळद असो, पहिलं गाणं अक्का उचलणार आणि बाकीच्या बायका तिच्यामागे झील धरणार. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं आणि कधी कुणी मोडलंही नव्हतं.

ऑपरेशनला आठवडा उरला होता. मी फोन आणि एक छोटा माइक घेऊन जामनेरला गेले आणि चार दिवस अक्काला बसवलं. घसा दुखायचा, मध्येच थांबून कोमट पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची. हळदीचं गाणं लग्नाशिवाय म्हणायचं नसतं म्हणून आधी अडून बसली. पण तिच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं, तेव्हा ते चालेल असं तिनेच मग ठरवलं. एकूण अकरा रेकॉर्डिंगं झाली. हळदीचं शेवटचं. ते मी घरी येऊन ऐकलं आणि लगेच पुन्हा लावलं. इतकं मोकळं ती कधीच गायली नव्हती.

ऑपरेशन झालं. अक्का घरी आली. गळ्याशी पांढरी पट्टी आणि हातात अंगणवाडीतली लहान पाटी. जे सांगायचं ते पाटीवर.

आता ती अकरा रेकॉर्डिंगं माझ्या एकटीच्या कॉम्प्युटरवर होती, आणि मला धास्ती बसली. कॉम्प्युटर बिघडतात. फोनवर जागा नव्हती म्हणून फोनमधली मी आधीच पुसली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं तर ते आवाज दाबून बारीक करतं, गाणाऱ्या बाईचा श्वासच त्यात हरवतो. इंटरनेटवर कुठंतरी ठेवावं तर तिथली फुकटची जागा कधीच भरलेली, आणि अक्काचं म्हणणं होतं की परक्याच्या घरी आपली वस्तू नको. मलाही ते पटत होतं. वस्तू आपली, तर ती आपल्या तीन घरांत राहावी, एकाकडची गेली तर दोघांकडे असावी.

असा एक प्रोग्राम असतो हे मला माहीत होतं. मधे कुणाचा मोठा कॉम्प्युटर नाही, कंपनी नाही. एका घरातल्या फोल्डरमध्ये काही ठेवलं की ते थेट दुसऱ्या घरातल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. माहीत असायचं कारण, आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले ते लिनक्सवाले. प्रशिक्षणाला जायची वेळ आली तेव्हा सगळ्या सरांना एकदम कामं निघाली आणि मला पाठवलं. तेव्हापासून मला त्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं. आज्ञा बरोबर असली की ऐकतं, चुकली तर काय चुकलं ते सांगतं. चौथीच्या वर्गापेक्षा सोपं.

माझ्या घरी प्रोग्राम दहा मिनिटांत बसला. कॉम्प्युटर सुरू झाला की तोही आपोआप सुरू व्हावा, एवढीही तजवीज केली. पण ही वस्तू एकटीने बसवून उपयोग नाही. भावाकडे लिनक्स मीच टाकून दिलेलं होतं, अक्काकडे माझा जुना कॉम्प्युटर होता. तिन्ही घरांनी एकमेकांना ओळखायचं म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरची एक लांबलचक ओळख असते, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, सात-सातांच्या आठ तुकड्यांत. ती दुसऱ्याकडे जशीच्या तशी गेली पाहिजे.

‘‘मेसेज करून टाक,’’ मी भावाला म्हटलं.

‘‘नही. फोनवर सांगसू. तू लिही ले आनि मांगे वाची दखाड.’’

केबिनमध्ये आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. पलीकडच्या स्टेशनने गाडी सोडताना निरोप द्यायचा, अलीकडच्याने तो परत वाचून दाखवायचा, दोघांनी एकेक खासगी आकडा द्यायचा आणि वेळ लिहायची. त्याला ते प्रायव्हेट नंबर म्हणतात. छप्पन्न अक्षरं त्याने मला सांगितली, मी परत वाचली, शेवटी त्याने प्रायव्हेट नंबर म्हणून एकोणचाळीस दिला आणि माझ्याकडून एक मागून घेतला. मी हसून बेचाळीस म्हटलं. तो हसला नाही. त्याने लिहून घेतला. आणि खरं सांगते, धुळे-चाळीसगाव पहिल्या फटक्यात जोडलं गेलं.

जामनेरने मात्र घाम काढला. दोन वेळा एसटीने गेले. सगळं नीट भरलेलं, तरी अक्काच्या घरासमोर लाल अक्षरांत ‘जोडलेलं नाही’. राउटर बदलून पाहिला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. अक्का शेजारी बसून पाटीवर लिही, ‘चहा ले.’ मी म्हणे, आधी हे होऊ दे. तिसऱ्या दिवशी सहज कोपऱ्यातली तारीख पाहिली तर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे होता. आतली बटणासारखी बॅटरी संपली होती. त्याला आजची तारीखच माहीत नाही, तर बाकीची जोडणी त्याच्यावर विश्वास ठेवणार कशी? घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणली, पेचकस घेऊन स्वतः बसवली, तारीख नीट केली आणि लाल अक्षरं हिरवी झाली. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. अक्काने पाटीवर लिहिलं, ‘येडी.’

आता एकच प्रश्न राहिला होता, आणि तिथंच मी घोळ घातला.

प्रोग्राम विचारतो, या घराला अधिकार कोणता? फक्त देणारं, फक्त घेणारं, की दोन्ही? भावाच्या वेळी विचार न करता ‘दोन्ही’ केलं होतं. अक्काच्या वेळी थांबले. शहाणपणाने पाहिलं तर तिचं घर ‘फक्त घेणारं’ ठेवायला हवं होतं. म्हणजे तिथं चुकून काही झालं तरी बाकी दोन घरांना धक्का नाही. प्रशिक्षणात हेच शिकवलेलं. पण थोरल्या बहिणीच्या घरावर ‘फक्त घेणारं’ असं लिहायचं? आवाज तिचा, गाणी तिची, आणि अधिकार काय, तर आम्ही देऊ ते घ्यायचं? माझ्या हाताने ते बटण दाबवेना. मी ‘दोन्ही’ केलं आणि तिला सांगितलंही, ‘‘अक्का, तुझा हक्क आमच्याइतकाच आहे बरं.’’ तिने मान हलवली. संध्याकाळपर्यंत अकरा फायली तिच्याकडे पोचल्या. नातीच्या हळदीला हा कॉम्प्युटर अंगणात आणायचा, स्पीकर लावायचा आणि अक्काचं गाणं अक्काच्याच आवाजात व्हायचं, असं मी घरातल्या सगळ्यांना सांगून आले. सगळ्यांना ते फार आवडलं.

हळदीला तीन दिवस होते. दुपारी मी धुळ्यात फोल्डर उघडलं, तर रिकामं.

आधी वाटलं माझेच डोळे. बंद करून उघडलं. रिकामंच. प्रोग्रामची नोंदवही पाहिली. तीत सगळं लिहिलेलं असतं, कुठल्या घरातून काय झालं ते. अकरा ओळी, अकरा फायली पुसल्या, आणि प्रत्येक ओळीत घर एकच. जामनेर. जामनेरहून पुसलं गेलं, तसं आज्ञाधारकपणे माझ्याकडचंही पुसलं गेलं. बरोबरीचा हक्क दिलेला ना मी! पुसलेलं काही दिवस बाजूला ठेवायची सोय असते, तीही मी लावली नव्हती.

आणि मग भाऊ आठवला. भाऊ दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणापासून बंद करतो आणि चारच्या चहानंतर लावतो. रोज. त्याच्या कॉम्प्युटरला अजून ही बातमी कळलेली नसणार. ज्या क्षणी तो सुरू होईल त्या क्षणी कळेल आणि त्याच्याकडचीही अकरा जातील. घड्याळात पावणेचार वाजले होते.

फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. वहिनींच्या फोनवर लावला, तो बंद. तिसऱ्यांदा भावाने उचलला.

‘‘भाऊ, कॉम्प्युटर लावला का?’’

‘‘नही. चहा व्हयी राहिना.’’

‘‘ऐक, लावू नको. इंटरनेटची वायर काढ आधी. वायर काढल्याशिवाय हात लावायचा नाही.’’

दुसऱ्या कुणी ‘का, काय झालं’ म्हणून दहा प्रश्न विचारले असते. भावाचा मात्र केबिनमधला आवाज आला. ‘‘पयले वायर काढसू. मंग चालू करसू. वायर लावानी नही. टाइम तीन बावन्न. नंबर दे.’’

मी आकडा दिला. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला, अकराच्या अकरा जागेवर आहेत. मी पिशवीत रिकामी हार्ड डिस्क टाकली आणि चाळीसगावची एसटी धरली. रात्र भावाकडेच काढली. फायली डिस्कवर घेतल्या, एकेक ऐकून खात्री केली आणि भावाला बजावलं की मी सांगेपर्यंत वायर लावायची नाही. सकाळी पाचोऱ्यावरून जामनेर.

वाटेत मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. चुकून झालं असेल, नातवंडांपैकी कुणी खेळलं असेल, कुणावर ओरडायचं नाही. पण अक्काच्या कॉम्प्युटरवर कचरापेटी उघडली तर तीही साफ. चुकून पुसणारा माणूस कचरापेटी रिकामी करत नाही. अंगणवाडीतली बाई करते, तिला अर्धवट काम चालत नाही.

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती खाटेवर बसली होती, पाटी मांडीवर. नजर चुकवली नाही.

‘‘तू पुसलंस?’’

मान हलली. हो.

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. बॅटरी बसवली ते काढलं, एसटीचे हेलपाटे काढले, भाऊ तीन बावन्नला फोनवर सापडला नसता तर काय झालं असतं ते काढलं. आम्ही तुझा आवाज जपायला मरतोय आणि तू! घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. अक्का ऐकत होती. ती उलटून बोलू शकत नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हाच मी थांबले, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

तिने पाटी पुसली आणि लिहायला लागली. खडू तुटला. दुसरा घेतला.

‘हळदले बठ्ठ्या बायका त्या डब्बाकडे दखत मुक्या बसतीन. झील कोन धरी?’

मी वाचलं. सगळ्याच बायका नुसत्या बघत बसणार. तिने पदराने पुसलं, पुन्हा लिहिलं.

‘आनि मी कोठे बसू? त्या बाईम्होरे माले बसाडू नका.’

त्या बाईसमोर. म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या तिच्यासमोर. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या तिच्यासमोर ही, गळ्याला पट्टी बांधलेली, सगळ्या गोतावळ्यात. लोक स्पीकरकडे बघणार, मग हिच्याकडे बघणार, मग मान खाली घालणार. मला ते चित्र दिसलं आणि शरम वाटली. कॉम्प्युटरने मला प्रत्येक पायरीवर विचारलं होतं, परवानगी आहे का, खात्री आहे का. मी अक्काला एकदाही विचारलं नव्हतं. अधिकार दिले होते, विचारलं नव्हतं.

मी पिशवीतून डिस्क काढली आणि तिच्या हातात ठेवली.

‘‘अकराही यात आहेत. माझ्याकडे काही नाही. भावाचा कॉम्प्युटर वायर काढून ठेवलाय. लग्न होऊ दे, मग तुला करायचं ते कर. कुणी काही म्हणणार नाही.’’

ती डिस्क घेऊन उठली आणि कपाटात ठेवून आली. मग पाटीवर लिहिलं, ‘हळदनं गानं तू उचल.’

‘‘मी?’’ माझा गळा म्हणजे शाळेच्या मैदानावर पोरांना हाका मारून घोगरा झालेला. प्रार्थनासुद्धा मी दुसऱ्या बाईंवर ढकलायची. ‘‘अक्का, मला जमत नाही.’’

तिने पाटी पुसलीच नाही. तेच वाक्य माझ्यापुढे धरून बसली. राउटर आणि बॅटरीशी मी तीन दिवस झुंजले होते, तेवढाच हट्ट आता माझ्यासमोर खाटेवर बसला होता. आम्ही एकाच आईच्या, हे मला तेव्हा पुरतं कळलं. पुढचे दोन दिवस तिने मला शिकवलं. आवाजाशिवाय. हाताने चढ दाखवायचा, बोटाने थांब दाखवायचा, चुकलं की मांडीवर चापटी. रेकॉर्डिंग लावू का म्हटलं तर डोळे वटारले.

हळदीच्या दिवशी अंगणात बायका जमल्या, नात पाटावर बसली. सगळ्यांची नजर सवयीने अक्काकडे गेली आणि तिथून भलतीकडे वळली. मी सुरू केलं. माझं पहिलं अक्षरच फाटलं. हळद लावायला एकेक नात्याला हाक मारणारं ते गाणं, त्यात आधी आत्या यायला हवी, मी मामीला बोलावलं. अक्काने सगळ्यांदेखत माझ्या गुडघ्यावर जोरात चापटी मारली आणि बायका हसल्या. हसता हसता कुणीतरी आत्याची ओळ उचलली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. अक्का टाळी धरून होती. तिच्या टाळीवर गाणं चाललं होतं, माझ्या आवाजावर नाही. मला रडू येत होतं आणि गायचंही होतं, त्यामुळे दोन्ही धड झालं नाही, पण गाणं शेवटपर्यंत गेलं.

लग्न लागलं. मी धुळ्याला आले. डिस्क मागितली नाही, दिलं ते दिलं. अधिकारांचं पानही तसंच ठेवलं, तिन्ही घरांना दोन्ही.

आठवडा झाला असेल. एका सकाळी मी चहा घेऊन बसले आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात हालचाल दिसली. जामनेरहून काही येत होतं. पहिली फाइल, जात्यावरचं. दुसरी, पाळण्याचं. मी चहा तसाच ठेवून बघत राहिले. एकेक करत दहा आल्या आणि थांबल्या. अकरावीची तासभर वाट पाहिली. हळदीची नव्हतीच. अक्काला मेसेज केला, एक राहिली का गं?

उत्तर लगेच आलं. ‘नही. ते आते तुले येस.’

ते आता मला येतं म्हणे. हळदीची ती फाइल अजून एका ठिकाणी होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. चाळीसगावला, भावाकडे, वायर काढलेल्या कॉम्प्युटरमध्ये. वायर लावली की दहा नव्या येणार आणि अकरावी पुसली जाणार. आधी पेनड्राइव्हवर काढून घे, एवढंच त्याला सांगायचं होतं. अक्काला कधी कळलं नसतं.

मी भावाला फोन केला.

‘‘वायर लाव.’’

‘‘हळदनं गानं जाई ना मंग,’’ तो म्हणाला. त्याने ते रोज चहानंतर ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

‘‘जाईल,’’ मी म्हटलं. ‘‘लाव तू.’’

यावेळी त्याने वेळ विचारली नाही, आकडा मागितला नाही. फोन चालूच होता. तो खुर्चीवरून उठल्याचं ऐकू आलं, वायर लावल्याचं ऐकू आलं. दहा आल्या आणि अकरावी गेली, तेही त्याने सांगितलं. मग तो म्हणाला, ‘‘बाई, तू म्हन ना जरासं.’’

मी घसा खाकरला आणि आत्यापासून सुरुवात केली.